फडक्यामागचा चौक

उदयपूर, १९ फेब्रुवारी

तुषार,

वर ‘दादा’ असं लिहीत नाही. लिहायला बसलो तेव्हा सवयीने हात त्याच अक्षरावर गेला होता, ते खोडलं. वर जी काळी रेघ दिसते ती त्याची.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद. पोस्टमन तुझ्या दुकानात येतो, तू त्याला चहा पाजतोस, गिऱ्हाइकांसमोर त्याच्याशी हसून बोलतोस. त्याच्या हातून आलेला कागद तुला ब्लॉक करता येणार नाही. फाडलास तर दुसरा येईल. मला इथे संध्याकाळी दुसरं काम नसतं.

आधी एक सांगून टाकतो. दिवाळीत तुझ्या दुकानाच्या पाटीवर कोणी तरी शेण फासलं आणि ते रघ्यानेच, असं तू दाभोशापासून खोडाळ्यापर्यंत सांगत फिरलास. त्या दिवशी मी जव्हारला होतो. याच्यावर मी एक शब्द बोलणार नाही.

आता मुद्द्याचं. प्रगतीने मला फोनवर सगळं सांगितलं. रेंज मिळावी म्हणून ती टाकीच्या टेकाडावर चढली होती, वारा होता, मधे मधे तिचं रडणं ऐकू येत होतं आणि शब्द नाही. तरी मला कळलं.

दिल्लीचा माणूस आला. हॉटेलांना चित्रं पुरवतो म्हणे. तू दुकानाच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवून बायांनी विकायला काढलेली चित्रं लावलीस आणि एकेका चित्राशेजारी एकेक बाई उभी केलीस, आश्रमशाळेत तपासणीला साहेब यायचा तेव्हा आपल्याला नखं पुढे करून उभं करायचे तशी. तो आला आणि चालतच राहिला. बोट तेवढं पुढे. ये, ये, ये नहीं. तू मागून चिठ्ठ्या चिकटवत. काकीच्या चित्रापुढे त्याचा पाय थांबला नाही, बोटही उठलं नाही. मान जराशी हलवली, म्हैस माशी वारते तशी.

भात झोडून झाल्यापासून काकी त्या कापडावर चित्र काढत बसत होती. दुपारची ओट्यावर, ऊन सरकेल तसं कापड सरकवत. म्हशीने मान हलवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते निकालात निघालं.

बरं, तो परका. पण तू काय केलंस? पुतळी, माघी, सगळ्या बायांसमोर तू म्हणालास, "काकी, तुझा हात गेला आता. एकदा डोळे दाखवून घे." आणि त्या हसल्या. का हसल्या ते मला कळतं, त्यांची चित्रं घेतली होती ना.

काकीने कापड गुंडाळलं, जीपमध्ये मांडीवर घेऊन घरी आली आणि बांबूची काडी चुलीत घातली. ती काडी मी कापून दिली होती, गेल्या होळीच्या आधी, टेकाडावरच्या बांबूची. ती रेघा काढायला एक टोक चावून चावून त्याचा केस करते. तो केस जळाला.

आई गेल्यावर आपल्याला कोणी वाढवलं ते मी तुला लिहून सांगायचं का?

आणि वैशाखात आपल्या बहिणीचं, प्रगतीचं लग्न आहे. तू फार मोठा झालास, विसरला असशील म्हणून लिहितो. आपल्यात घराच्या भिंतीवर सवाशिणी चौक काढतात, त्याच्या मधल्या घरात पालघट देवी बसवतात, वर फडकं टाकतात. भगत सांगतो तेव्हा नवरीचा मोठा भाऊ फडकं ओढतो. मग लग्न. चौक नाही तर लग्न नाही. आणि आपल्या पाड्यात पालघट बसवणारा हात एकच आहे. तो तू घालवलास.

प्रगतीने काकीला विचारलं. काकी म्हणाली, हात गेलेल्या बाईला काय विचारता, तुषारला विचारा.

तुला विचारलं तर तू काय म्हणालास? "फ्लेक्स छापू, फोटोत पण छान येतो."

रघ्या


उदयपूर, ८ मार्च

तुषार,

उत्तर नाही. ठीक.

आज मी तुला माझ्या कामाचं सांगणार आहे, कारण तुला वाटतं रघ्या भिंती खरवडतो, त्याला चित्रातलं काय कळतं. बरोबर आहे, मी भिंतीच खरवडतो. सिल्वासाच्या ठेकेदाराने आम्हाला इथे तळ्याच्या काठच्या हॉटेलात आणलंय. पुट्टी, घासकागद, पुन्हा पुट्टी, मग रंग. केसात, कानात, जेवणात पुट्टी. मी शिंकलो तरी पांढरं निघतं.

हॉटेलची मालकीण आहे. तिच्यासाठी आम्ही भिंतीवर रंगांचे पट्टे ओढून ठेवतो, एकाशेजारी एक. मला तर सगळे मातकटच दिसतात. ती जिन्यावरून येते. तिच्या सँडलचा आवाज थांबायच्या आत तिचं बोट एका पट्ट्यावर असतं. एकदा मी धाडस करून विचारलं, मॅडम, इतनी जल्दी कैसे? ती हसून म्हणाली, "देखते ही पता चल जाता है।"

मला इतका राग आला की उरलेला दिवस मी घासकागद हाताने नाही, दाताने घासत होतो. काय पता चल जाता है? काय दिसतं यांना? आम्ही तो पट्टा ओढायला खाली किती वेळा भिंत घासली ते दिसतं का? दिल्लीवाल्याला काकीची दुपारभर वाकलेली पाठ दिसली का?

असं मनात बोलत होतो. आणि मग परवा काय झालं ते ऐक.

खाली स्वागताच्या जागेत त्यांनी भिंतभर कागद लावलाय. आपल्याच चित्रांचा. तारपा, गोल नाच, झाडं, बैल. यंत्रावर छापलेला. सुपरवायजर मला हाताला धरून घेऊन गेला, म्हणाला, तू तो उधर का है ना, बता कैसा है. मी बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "मरा हुआ है।"

तो हसायला लागला. "ठीक से देखा भी नहीं भाई!"

खरंच नव्हतं बघितलं. मी नंतर जाऊन बघितलं. सगळी माणसं एकाच माणसाची छाप होती. एकाच्या कोपराला जो बाक तोच सगळ्यांच्या कोपराला. पण हे मला नंतर कळलं. मरा हुआ आधी कळलं होतं. मला मालकिणीएवढाच वेळ लागला. कदाचित कमी.

हे मी तुला लिहायला नको होतं. तू म्हणशील बघ, लोक असेच बघतात, मी तेच सांगतो. सांग. राग कमी झाला नाही माझा, कुठे ठेवायचा ते फक्त कळेना.

त्याच संध्याकाळी मी खोलीवर छोटेलालला काकीच्या कापडाचा फोटो दाखवला, प्रगतीने पाठवलेला. हा बिहारचा, माझ्याशेजारी झोपतो, चांगला माणूस आहे. जेवत होता. डाव्या हाताने मोबाईल घेतला, बघितलं, अंगठा पुढे सरकवत म्हणाला, "अच्छा है। बीच में कुछ रखना भूल गई क्या?"

मी मोबाईल हिसकावला. त्याचं ताट उलटं झालं, डाळ त्याच्या अंथरुणात. मग मी त्याला माझं ताट दिलं, ते त्याने घेतलं नाही, मग दोघेही तसेच झोपलो.

मधे काही ठेवायचं राहिलं नव्हतं. मधे नाचणारी माणसं आहेत, दाटीवाटीने. मी मोबाईल डोळ्याला लावून बघितलं. भरलेलंच आहे. पण छोट्याने म्हटल्यापासून मला ते एखाद्या घरासारखं दिसायला लागलं, माणसं अंगणात आलीत, आत कोणी नाही.

तुला दिसलं होतं का हे? दिसलं असेल तर मग तू हात गेला का म्हणालास?

रघ्या


उदयपूर, २७ मार्च

तुषार,

तू माझ्याशी बोलणार नाहीस, पण प्रगतीच्या मोबाईलमध्ये बोलून ठेवणार आणि तिला म्हणणार, रघ्याला पाठव. वा. दारातून नाही तर कौलातून.

ऐकलं मी. सगळं ऐकलं. गिऱ्हाईक थांबत नाही म्हणालास. "पुढून जाताना एकदा बघतो, तेवढ्यात आवडलं तर आवडलं. त्याला उभं करून मी पालघट आणि पाच शिरांचा देव पंचशिऱ्या सांगत बसलो तर तो निघून नाशिकच्या रस्त्याला लागतो. मग बायांनी परत वीटभट्टीवर जायचं का? पुतळीच्या पोराचं शिक्षण तुझ्या रागावर चालतं का?" आणि म्हणालास, मी काकीला खरं बोललो, कोणी तरी बोलायला पाहिजे होतं.

पुतळीचं तू म्हणालास ते खरं आहे. पुतळी भट्टीवर गेली नाही हे तुझ्यामुळे. हे मी मान्य करतो आणि मला ते मान्य करायला अजिबात आवडत नाही.

पण मी काकीशी बोललो. प्रगती तिला टेकाडावर घेऊन आली. काकी मोबाईल कानाला न लावता तोंडासमोर धरते, पाणी प्यायल्यासारखा, त्यामुळे माझं ओरडणं सगळ्या टेकाडाने ऐकलं असेल. मी दिल्लीवाल्याला शिव्या घालत होतो. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "त्याला नको बोलू. त्यानं बराबर बघितलं."

मी म्हटलं, काय बराबर?

म्हणाली, "आत कोणी नव्हतंच. मी बसवलीच नाय तिला. ती लग्नाची हाय. बाजारात कशी नेऊ?"

ऐकलंस? ती हात थांबवून बसली होती. तू तिला सांगितलंस चौक काढ, मोठा काढ, दिल्लीचा माणूस येतोय. तू सांगितलंस म्हणून तिने काढला. चारी बाजूची वेल काढली, चंद्र, सूर्य, फणी, शिडी, सगळं. आणि मधल्या घरात हात जाईना. मग तिथे नाचणारी माणसं भरली, देवघर रिकामं दिसू नये म्हणून. पालघट तिने प्रगतीसाठी राखून ठेवली होती. तिला वाटलं, हॉटेलच्या माणसाला काय कळतंय.

त्याला कळलं. काय कळलं ते त्याला माहीत नाही, छोट्यालाही माहीत नाही, पण चालता चालता कळलं. त्याच्यावरचा माझा राग त्या फोनवरच उतरला. खरं सांगतो, मला जराही बरं नाही वाटलं. राग उतरला की हात मोकळे वाटतात, काय करायचं त्यांचं कळत नाही.

मग मी काकीला म्हटलं, म्हणजे तुषार पण खरंच बोलला?

ती म्हणाली, "तो माझ्या मांडीवर बसायचा चौक काढताना. त्याला म्हायती हाय आत कोण बसते. त्यानं इचारायचं होतं, काकी, ती कुठं गेली?"

तुषार, माझा राग आता सगळा एका जागी आलाय. पसरलेला होता तेव्हा बरा होता. दिल्लीवाल्याकडे पापणी लवेपर्यंतचा वेळ होता. तुझ्याकडे तुझा सगळा जन्म होता. तू त्याच्याइतकंच बघितलंस. त्याच्याइतकंही नाही, तू त्याची मान हललेली बघितलीस आणि चित्र बघितलंच नाहीस.

मी लग्नाला येतोय. ठेकेदार नाही म्हणाला तरी. फ्लेक्स लावलास तर मी काय करीन ते मलाच माहीत नाही.

रघ्या


उदयपूर, ६ मे

दादा,

काकीने सांगितलं म्हणून लिहितोय असं. माझ्या मनाने नाही.

तू लग्नाच्या दिवशी निघून गेलास, त्यामुळे आधीचंही तुला माहीत नाही आणि नंतरचंही. मी क्रमाने सांगतो. मधे मधे मला राग येईल, तेवढा सोडून वाच.

मी आलो तेव्हा भिंत तशीच होती, काळी, धुराने खाल्लेली. काकी नाही म्हणजे नाही. प्रगती रडली, पुंजाकाकाने हात जोडले, काकाने काकीपुढे हात जोडलेले मी पहिल्यांदा बघितले, तरी नाही. मला बोलता आलं असतं तर आपली ही वेळ आली असती का? मी बादली घेतली आणि भिंतीला लागलो. कुडाची भोकं चिखलाने भरली, शेणाने सारवली, वाळू दिली, पुन्हा सारवली. मग गेरू. पुट्टीवाला हात आहे माझा, सवय तीच. काकी ओसरीवर आमच्याकडे पाठ करून नागली पाखडत होती. सूप जोरात आपटत होती. ते मला होतं.

भिंत सुकली. मग पुतळी आणि माघी आल्या. तांदळाचं पीठ भिजवून आणलं होतं. त्या हसल्या होत्या ना तुझ्या हॉलमध्ये, तोंड वर होत नव्हतं दोघींचं. सवाशिणी आहेत, चौक तर झालाच पाहिजे, म्हणून त्यांनीच सुरू केलं. माघीने वरची कड ओढायला घेतली.

मुद्दाम केलं की खरंच झालं ते मला अजून कळलं नाही. कड खाली यायला लागली. जव्हारच्या घाटासारखी. पुतळी म्हणाली, सरळ आहे, सरळ आहे. माघी म्हणाली, जरा भिंतच वाकडी सारवलीय रघ्याने. मी म्हटलं, माझ्या भिंतीला बोलायचं नाही.

काकीने मान वळवली. एकदाच. सूप हातात तसंच. आणि लगेच पुन्हा नागलीकडे. मला वाटलं संपलं.

मग ती उठली. सूप खाली ठेवलं, आली, माघीच्या हातातली काडी घेतली आणि म्हणाली, "उतारावर देवी बसंल का घसरंल?"

दादा, तिला तेवढंच पुरलं. दिल्लीवाल्यालाही तेवढंच, मालकिणीला, छोट्याला, मलाही. मी त्या सगळ्यांना शिव्या दिल्या आणि मला काकी परत मिळाली ती तशाच एका बघण्याने. आता मी कोणावर चिडू? पुढचं ऐकशील तर कळेल.

तिने कड पुसली, नवी ओढली. लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी गायला बसली. सगळ्या बाया मिळून भरत गेल्या आणि मधे काकी एकटी. मला बाहेर काढलं. संध्याकाळी फडकं टाकलं, काकाचं जुनं धोतर.

आणि दुसऱ्या दिवशी तू आलास. गाडीच्या टपावर ती फ्लेक्सची गुंडाळी बांधून. पाड्यात शिरताना तुझं तोंड वेगळं होतं, तू भिंत झाकलेली बघितलीस तेव्हा ते कसं उतरलं ते मी बघितलं. तू गुंडाळी उतरवायला लावली नाहीस हे मी बघितलं. तुझं काय चुकलं ते तुला त्या दारातच कळलं असेल, मला काय माहीत. तू सरळ फडक्याकडे गेलास, मोठा भाऊ म्हणून. तो मान तुझाच आहे.

काकी म्हणाली, "तुषार, तू बाजूला हो. रघ्या ओढील."

वाजणारा तारपा थांबला. तू म्हणालास, "मग मी आलो कशाला?"

"तेच मी बघते," काकी म्हणाली.

तुला तिथे उभं राहता आलं असतं. मी दर पत्रात तुला शिव्या घातल्या, पण तुला घालवायला नव्हत्या. तू वळलास, गाडी फिरवलीस, पोरं धुळीत पळाली, आणि फ्लेक्स तुझ्या टपावर फडफडत गेला. भगत थांबला नाही. मी फडकं ओढलं. मी चौकाकडे बघितलंच नाही, मी तुझी गाडी गेली त्या रस्त्याकडे बघत होतो, गाढवासारखा. मला फक्त लोकांचा आवाज ऐकू आला. सगळ्यांनी मिळून एक श्वास आत घेतला तसा. मग मी वळलो.

चौक कसा आहे ते मी लिहिणार नाही.

प्रगतीचं लग्न लागलं. ती पोशेऱ्याला गेली, सुखात आहे, सासू जरा बोलकी आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. पाहुणे गेल्यावर मी फडकं घडी करून ठेवत होतो. काकीने ते माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा चौकावर टाकलं. खुंट्या नीट बघून बघून. मी म्हटलं, लग्न झालं, आता कशाला?

म्हणाली, "थोरला बघायचा राहिलाय."

मला असा राग आला की मी त्याच संध्याकाळच्या जीपने निघालो. तिचं बरोबर नाही. मी असतो तर नसतं टाकलं. सगळ्या पाड्याने बघितलं, पोराबाळांनी बघितलं, तू गेलास, तुझा मान गेला, विषय संपला. पण ती ऐकत नाही. काका रोज त्या धोतरासमोर बसून बिडी ओढतो आणि कोणी हात लावला तर ओरडतो. शेजारची जयश्री फोनवर विचारत होती, देवीला ताप आलाय का, पांघरूण का घातलंय.

पाऊस लागला की ती भिंत ओल धरेल. मी गेरू जाड दिलाय, पण कुड तो कुड. पावसाआधी जा. मोबाईल गाडीत ठेव. काकीला काही समजावायला जाऊ नकोस, ती चहा टाकेल, तो पी. मग फडकं ओढ आणि तोंड बंद ठेव. तुला काय वाटायचं ते तेवढ्यात वाटेल, ते कोणालाच चुकलं नाही. पण त्याच्यानंतर तिथेच उभा राहा. पाय हलवू नकोस. काकी तुझ्याकडे बघेल, चौकाकडे नाही.

आणि तुझ्या दुकानाची ती पाटी धुतलीस म्हणे घासून घासून. कशाला धुतलीस? शेणाने सारवल्यावरच रंग धरतो.

रघ्या